मुलुंड ते सिस्सू: इनोव्हा, बर्फ आणि सोळा इंची चाकं

इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते, हे आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी एकच सांगितलं: जानेवारीत ही गाडी घेऊन मनालीला जाऊ नकोस, विमानाने चंदीगडला उतर आणि तिथून फोर बाय फोर टॅक्सी कर. सल्ला चुकीचा नव्हता. पण मला मुंबईहून स्वतः चालवत जायचं होतं, लेकीला बर्फ दाखवायचा होता, आणि जिची इतक्या वर्षांची सवय आहे तीच गाडी घाटात हाताशी हवी होती. गेलो, मनालीच्या पुढे अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत पोचलो, धड परत आलो. आमच्यामागून जाणाऱ्यांसाठी हे लिहून ठेवते आहे. यात रस्त्यापेक्षा टायरबद्दल जास्त आहे, कारण तयारीचे सहा आठवडे त्यातच गेले आणि त्याचं चीजही झालं.

आधी फोर बाय फोरचं बघू. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चांगली निघते, चांगली चढते, यात वाद नाही. पण ब्रेक लागतो तो प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना. मग गाडी दोन चाकांवर चालणारी असो की चार. थांबताना आणि वळताना रस्ता धरून ठेवतो तो टायर, गिअरबॉक्स नव्हे. मला घाटात निघण्याची धास्ती नव्हती, थांबण्याची होती.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळं असतं. इंजिन पुढे, वजन पुढे, आणि ढकलण्याचं काम मागच्या चाकांकडे. तिसऱ्या रांगेत कुणी नसेल तर मागचा भाग हलकाच राहतो. निसरड्यावर जरा जास्त रेस दिली की मागची चाकं जागीच फिरतात आणि शेपूट बाजूला जातं. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनचा ब्रेक लागतो तोही मागच्याच चाकांना. तिथे क्लच झटक्याने सोडला तरी तोच प्रकार होतो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. चढावर वजन मागे सरकतं, त्यामुळे मागच्या चाकांची पकड थोडी वाढते, आणि पुढच्या चाकांना फक्त वळायचं आणि थांबायचं काम उरतं.

यावरून काही जण हिशेब मांडतात की ताकद मागे आहे तर बर्फासाठीचे विंटर टायर मागे दोनच लावू, पैसे वाचतील. असं करू नका. गाडी निघेल, पण वळणार नाही. पुढे दोन लावणं तर त्याहून धोक्याचं, कारण ब्रेक दाबला की मागचा भाग पुढे यायला बघतो. टायर चारही बदलायचे, आणि ते एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, साधारण सारख्या झिजेचे हवेत.

मुंबईत विंटर टायर शोधणं हे स्वतंत्र प्रकरण झालं. ऑपेरा हाऊसच्या बाजूला एका दुकानात विचारलं तर लगेच उत्तर आलं, "आहे ना मॅडम." काढून दाखवला तो दणकट, मोठ्या ठोकळ्यांचा टायर, आणि त्याच्या कडेवर ठळक अक्षरात एम+एस लिहिलेलं. म्हणजे चिखल आणि बर्फ. मी जवळजवळ घेतलाच होता. अ‍ॅडव्हान्सचे पैसे काढले होते, इतक्यात नवऱ्याने कडेवर मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, डोंगर कुठाय?

हा डोंगर फार महत्त्वाचा. खऱ्या विंटर टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगराची रेघ आणि त्यात एक हिमकण असं चिन्ह असतं. बर्फावरच्या ठरलेल्या चाचणीत टायर उतरला तरच ते मिळतं. एम+एस हे शब्द कंपनी आपल्या अधिकारात छापू शकते, त्यामागे बर्फावरची चाचणी असायलाच हवी असं नाही. जर्मनीत हिवाळी रस्त्यांवर आता नुसता एम+एस चालत नाही. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत जुन्या टायरांना सवलत होती, त्यानंतर डोंगराचं चिन्ह लागतंच. आपल्याकडे असा नियम नाही, पण बर्फ तिकडचा काय नि इकडचा काय, सारखाच.

विंटर टायर म्हणजे खोल नक्षीचा टायर असं मलाही वाटायचं. नक्षी आहेच, पण खरी गोष्ट रबरात आहे. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली आपले नेहमीचे टायर कडक व्हायला लागतात. कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत बसत नाही, वरून सरकतं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं. शिवाय प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा असतात. अंगठ्याने ठोकळा वाकवलात तर त्या वहीच्या पानांसारख्या उघडतात. त्या चिरांत आणि मोठ्या खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि भुसभुशीत बर्फाला बर्फासारखं दुसरं काही धरत नाही. मुलं मुठीत बर्फ दाबतात आणि त्याचा गोळा होतो, तेच टायरखाली घडतं.

असे टायर आपल्याकडे दुर्मिळ आहेत. जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याखाली गेली आहे, आणि विकणाऱ्यांच्या दृष्टीने मुंबईत याला गिऱ्हाईक नाही. दोन दुकानदारांनी नाव-नंबर लिहून घेतला आणि पुन्हा फोन केला नाही. शेवटी मावसभावाच्या ऑफिसातले एक गृहस्थ सापडले. ते नोकरीनिमित्त तीन वर्षं श्रीनगरला होते, तिथे त्यांनी इनोव्हाला विंटर टायर घेतले होते, आणि मुंबईत परत आल्यापासून ते टायर गच्चीवरच्या खोलीत पडून होते. तुमच्या ओळखीत काश्मीर-लडाखला बदलीवर गेलेलं कुणी असेल, फौजेतलं असेल, तर आधी तिथे विचारा.

जुने टायर घेताना तीन गोष्टी बघितल्या. पहिली, जन्मतारीख. डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, आमच्यावर ४१२१ होतं, म्हणजे २०२१ सालचा ४१वा आठवडा. दुसरी, नक्षीची खोली. कायद्याने १.६ मिलिमीटर चालतं, पण बर्फासाठी ४ मिलिमीटरच्या खालचा टायर घेऊ नये. आमचे साडेसहाच्या आसपास भरले. तिसरी, कडेच्या चिरा आणि फुगे. नखाने रबर दाबून बघा, दगडासारखं लागलं तर सोडून द्या.

ते टायर होते २०५/६५ आर १६. आणि आमची क्रिस्टा झेडएक्स, म्हणजे वरचं व्हेरियंट, तिला कंपनीचे २१५/५५ आर १७. इथून रिमची गोष्ट सुरू झाली.

आकड्यांचा अर्थ एकदा नीट समजून घेतला की फसवणूक होत नाही. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. रिमचे इंच मिलिमीटरमध्ये करा आणि वर-खाली दोन भिंती मिळवा. १७ इंच म्हणजे ४३१.८, त्यात दोन भिंतींचे २३६.५, एकूण ६६८ मिलिमीटर. तसंच २०५/६५ आर १६ चा व्यास येतो ६७३. फरक पाऊण टक्क्याच्या आत. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा पाऊण किलोमीटर जास्त धावते, इतकंच. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) वगैरेंना काही कळत नाही. आणि हे काही मी शोधून काढलेलं माप नाही, क्रिस्टाच्या खालच्या व्हेरियंटला कंपनी स्वतःच हे चाक देते. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापात राहिलात तर पुढे विम्याच्या माणसासमोर समजावत बसायची पाळी येत नाही.

हिवाळ्यासाठी एक इंच छोटा रिम घ्यायचा, याला कारण आहे. टायर अरुंद झाला की तेवढंच वजन कमी रुंदीवर येतं आणि चाक ताज्या बर्फात खाली घुसून घट्ट जमिनीपर्यंत पोचतं. रुंद टायर वरवर तरंगतो. पावसाळ्यात पाणी साचलेल्या हायवेवर गाडी हलकी वाटते ना, तसंच. भिंत उंच झाली की बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचतो. आणि बर्फात पकडीसाठी चाकाला गुंडाळतात ती साखळी बांधायला चाकाभोवती थोडी जास्त जागा मिळते. १८ इंची काळे अलॉय रिम फोटोत छान दिसतात, पण बर्फात माझी पसंती त्यांना नाही.

आतेभावाकडे बीएमडब्ल्यूची जुनी ३ सिरीज आहे, तीही मागच्या चाकांवरच चालणारी. त्याच्या गाडीला पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८. असे पुढे-मागे वेगळे टायर असलेल्यांनी बर्फासाठी चारही सारखे करावेत. त्याच गाडीला २२५/५० आर १७ बसतं, आणि काही इंजिनांच्या गाड्यांना २०५/६० आर १६ सुद्धा. व्यास ६५२ ते ६६१ मिलिमीटरमध्येच राहतो. पण मोठे ब्रेक असलेल्या गाडीत सोळाचा रिम कॅलिपरला, म्हणजे ब्रेकची चकती पकडणाऱ्या भागाला, घासतो, म्हणून दाराच्या चौकटीवरचं स्टिकर आणि मॅन्युअल बघितल्याशिवाय काही घेऊ नका.

रिम घ्यायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. तिथे एका दुकानात छतापासून लोंबणारे अलॉय बघून लेक हरखून गेली. दुकानातल्या चाचांनी खालच्या व्हेरियंटचे कंपनीचेच चार सोळा इंची अलॉय काढून दिले. पाच नटांचं, ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळाचं माप जुळत होतंच, पण मी हट्ट धरला की एक रिम इथेच लावून बघायचा. त्यांनी जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं, रिम चढवला आणि हाताने हळूहळू फिरवला. मी रस्त्यावर उकिडवी बसून स्पोक आणि ब्रेकच्या कॅलिपरमधली जागा बघत होते. माझं बोट जेमतेम आत गेलं. पूर्ण फेरी झाली तरी कुठे खरखर नाही. "मॅडम, बैठ गया," चाचा म्हणाले. मग चारही रिम बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवून बघितले. त्यातला एक डुलत होता, तो बदलून घेतला. जुना रिम घेताना ही फेरी टाळू नका, आणि आतल्या बाजूला वेल्डिंगचा डाग आहे का तेही बघा. नटही रिमला जुळणारेच घ्या. काही अलॉयना सपाट बुडाचे नट लागतात, काहींना निमुळते, आणि चुकीचा नट घट्ट बसल्यासारखा वाटतो पण बसलेला नसतो.

टायर रिमवर चढवले आमच्या भागातल्या एका दुकानात. घरी आणून पार्किंगमध्ये खडूने खुणा करताना लक्षात आलं की काहीतरी गडबड आहे. विंटर टायरांना बऱ्याचदा दिशा असते, कडेवर बाण असतो आणि चाक त्याच बाजूला फिरायला हवं. म्हणजे दोन चाकं डावीकडची आणि दोन उजवीकडची. आमची तीन उजवीकडची निघाली. चाकं मनालीच्या अलीकडे भुंतरला बदलायची होती. हे तिथल्या थंडीत कळलं असतं तर? दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन एक टायर उतरवून उलटा करून घेतला. त्यांनी पैसे मागितले नाहीत, पण अर्धा दिवस गेला. चारही चाकांवर पांढऱ्या रंगाने लिहिलं: पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ.

विंटर टायर घालूनच मुंबईहून निघू नका, ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना. जानेवारीत दुपारी गुजरातचा हायवे तिशीच्या घरात असतो. ते मऊ रबर तिथे झिजतं, ब्रेकिंगचं अंतर वाढतं आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग सैल वाटतं. आम्ही तिसरी रांग बाजूला दुमडली आणि चार चाकं दोन-दोन अशी आडवी रचून रॅचेटच्या पट्ट्यांनी जमिनीतल्या हुकांना बांधली. एका चाकाचं वजन १९-२० किलो. बांधलं नाही तर जोरात ब्रेक लागल्यावर ते चाक पुढच्या सीटवर येईल, तेव्हा दोरीने भागवू नका.

या चाकांचा आणखी एक उपयोग झाला तो आधी डोक्यातही नव्हता. भुंतरला चाकं बदलल्यावर सतरा इंची चाकं त्याच जागी बांधली. म्हणजे बर्फातही मागच्या अ‍ॅक्सलच्या आसपास ऐंशी किलोचं ओझं कायम राहिलं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत लोक बर्फासाठी रेतीच्या गोण्या टाकतात, आमचं ते काम परस्पर झालं.

रस्ता थोडक्यात सांगते. पहाटे साडेचारला मुलुंडहून घोडबंदर रोडने निघून पहिल्या रात्री उदयपूर, साधारण साडेसातशे किलोमीटर. दुसरी रात्र जयपूर. तिसऱ्या दिवशी कोटपुतली, नारनौल आणि तिथून १५२-डी हा नवा हायवे धरला, तो दिल्लीची गर्दी पूर्ण टाळून अंबाल्याच्या अलीकडे नेऊन सोडतो. जानेवारीत हरियाणात सकाळी धुकं इतकं दाट असतं की बॉनेटपुढे काही दिसत नाही. आम्ही ढाब्यावर पराठे खात दहापर्यंत थांबलो. तुम्हीही थांबा, तिथे टायर काही करू शकत नाही. तिसरी रात्र रोपडला. चौथ्या दिवशी किरतपूर, बिलासपूर, सुंदरनगर, मंडी, भुंतर. किरतपूरहून नव्या चौपदरी रस्त्यावर जुना घाट बराचसा वाचतो.

डिझेलची टाकी मुंबईहून भरून नेण्यात अर्थ नाही, तिथवर ती संपतेच. पण मंडीच्या आधी निम्मी असली तरी मंडीला किंवा कुल्लूला भरून घ्या. थंडीत आपल्याकडचं डिझेल घट्ट व्हायची भीती असते. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी ठेवू नका, ते गोठतं. कूलंट निघण्याआधी तपासून घ्या.

भुंतरला सकाळी नऊला एका पंक्चरवाल्याकडे गेलो. थर्मामीटर ४ अंश दाखवत होता. त्या दादांनी पु.डा., मा.उ. बघितलं आणि विचारलं हे काय लिहिलंय. मी समजावलं, तर म्हणाले सगळ्यांनी असंच लिहून आणलं पाहिजे. नट आधी हाताने फिरवून बसवले, मग समोरासमोरचे असे एकाआड एक आवळले. मी टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, सोबत नेला होता आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावून शेवटचा कट्ट आवाज स्वतः घेतला. पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा बघायचे असतात. भुंतर ते मनाली बरोबर तेवढंच अंतर आहे. मनालीत हॉटेलच्या अंगणात बघितलं तर मा.डा.चा एक नट पाव फेरी फिरला.

हवेबद्दल माझ्या मनात गोंधळ होता. थंडीत टायरची हवा उतरते, साधारण साडेपाच अंशांना एक पीएसआय, म्हणजे मुंबईच्या तीस अंशांवरून उणे पाचवर गेल्यावर सहाएक पीएसआय जायला हवेत. पण उंचीवर बाहेरचा दाबही कमी होतो आणि मीटर बाहेरच्या तुलनेतच दाब दाखवतो. मुंबईत बाहेर १४.७ पीएसआय, ३००० मीटरवर दहाच्या थोडं वर. हे दोन परिणाम जवळजवळ एकमेकांना खातात. मुंबईत थंड टायरमध्ये ३३ भरलेली हवा मनालीत सकाळी ३१-३२ दिसली, सिस्सूलाही तेवढीच. म्हणून वर जाऊन घाबरून हवा भरू नका. आणि बर्फासाठी हवा कमी करायची पद्धत वाळूसाठीची आहे, ती रस्त्यावरच्या बर्फाला लावू नका.

मनालीला पोचलो त्या रात्री बर्फ पडला. सकाळी अंगणातल्या गाडीवर वीतभर थर. एक चूक टळली ती हॉटेलच्या चौकीदारामुळे. रात्री मी सवयीने हँडब्रेक ओढला होता, त्याने खिडकीवर टकटक करून काढायला लावला. मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत ओले लायनर ड्रमला गोठून चिकटतात आणि सकाळी मागची चाकं सुटत नाहीत. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाखाली दगड द्यायचा, वायपर उभे करून ठेवायचे.

त्या दिवशी आम्हाला नेहरू कुंडाच्या पुढे सोडलं नाही. बर्फ पडला की पोलीस तिथे नाका लावतात आणि पुढे फक्त फोर बाय फोर जाऊ देतात. मी विंटर टायर दाखवले, डोंगराचं चिन्ह दाखवलं. हवालदाराने नम्रपणे ऐकून घेतलं आणि गाडी वळवायला सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. २०२४ च्या नाताळात सोलंग आणि अटल बोगद्याच्या मध्ये हजारभर गाड्या रात्री बर्फात अडकल्या होत्या. प्रत्येकाचे टायर तपासत बसणं नाक्यावर शक्य नाही. तेव्हा कार्यक्रम आखताना दोन दिवस राखीव ठेवा. सकाळी निघण्याआधी कुल्लू आणि लाहौल-स्पिती पोलिसांच्या सूचना बघा, रस्ता कुणासाठी उघडा आहे ते त्यात असतं.

दुसऱ्या दिवशी साखळी असेल तर सोलंगपर्यंत सोडत होते. साखळी आम्ही भाड्याने घेतली, आणि इथे जरा सावध राहा. साखळी बांधणारा मुलगा चपळ होता, आमच्या आधी चार छोट्या गाड्या त्याने केल्या होत्या. चारही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. त्याने आमच्याही पुढच्या चाकापुढे साखळी पसरली. मी म्हटलं मागे बांध. तो म्हणाला, सगळ्यांना पुढेच बांधतात. बाजूला एक वयस्क टॅक्सीवाले चहा घेत उभे होते, त्यांनी गाडीखाली वाकून मागच्या चाकांना ताकद पोचवणारा गोळा बघितला आणि म्हणाले, "अरे पीछे लगा, पीछे." साखळी ताकद असलेल्या चाकांवर हवी. पुढे बांधून चढावर मागची चाकं नुसती फिरली असती. साखळी ताणून बसली की शंभर मीटर जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायची. वेग चाळीसच्या खाली. नुसता डांबर लागला की काढायची, नाहीतर साखळी तुटून मडगार्ड फाडते.

सोलंगहून उतरताना चार वाजले होते. उन्हात वितळलेलं पाणी सावलीच्या वळणांवर परत गोठायला लागलं होतं. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ सगळ्यात निसरडा, उणे पंधराचा कोरडा बर्फ त्यापेक्षा बरा. मी दुसऱ्या गिअरमध्ये, इको मोडवर, क्लच अगदी हळू सोडत येत होते. इको मोडमध्ये पायाला गाडी उशिरा उत्तर देते, शहरात त्याचा राग येतो, बर्फात तेच हवं असतं. एका डाव्या वळणावर मागून एक मोठी फोर बाय फोर भराभर आली. मला ओलांडून पुढे गेली, ब्रेकचे दिवे लागले आणि गाडी सरळच गेली. चाकं फिरत नव्हती, तरी गाडी सरकत होती, आवाज काहीच नाही. कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक घालून ती थांबली. कुणाला लागलं नाही. मी अलीकडे थांबले. ब्रेक हळूच दाबला, एबीएस दोनदा थरथरला आणि गाडी उभी राहिली. उतरून बघितलं तर त्यांचे टायर कंपनीचे हायवेचे, नक्षी चांगली, पण थंडीत कडक झालेले. नवऱ्याने आणि त्यांच्या चालकाने मिळून फावड्याने बर्फ काढला. फावडं आमचं होतं, एक छोटं घडीचं फावडं जवळ ठेवाच.

तिसऱ्या दिवशी रस्ता साफ झाला आणि बोगदा सगळ्यांना उघडला. अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांब, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. आत कोरडा, उजेड भरपूर, आणि त्यामुळेच माणूस गाफील होतो. उत्तरेच्या तोंडातून बाहेर पडता क्षणी रस्त्यावर दाबलेला पांढरा बर्फ होता, सावलीतला, काचेसारखा. शेवटचं तोंड दिसायला लागलं की आतच वेग तीसवर आणा, बाहेर आल्यावर ब्रेक नको. आमची गाडी त्या बर्फावर नुसती खुसखुसत पुढे गेली. चंद्रा नदीच्या कडेने सिस्सू. समोरचा धबधबा गोठून कड्यावर पांढऱ्या दोऱ्यांसारखा लटकलेला. लेक उतरली आणि पहिल्याच पावलाला घसरून बसली. तिच्या बुटांना डोंगराचं चिन्ह नव्हतं.

सिस्सूहून निघताना एक चढ होता, तिथे मागची चाकं फिरली. अशा वेळी रेस वाढवू नका, बर्फ घासून आरसा होतो. दुसरा गिअर टाकला, चाकं जागीच फिरली की ताकद कापणारा ट्रॅक्शन कंट्रोल बटण दाबून बंद केला, थोडं मागे-पुढे हलवून स्वतःच्याच चाकोरीतून बाहेर काढली आणि लगेच तो परत चालू केला.

परतीला मंडीत चाकं बदलली, तेव्हा दुपारी अठरा अंश होतं. सतरा इंची चाकं लावल्यावर सुंदरनगरच्या वळणांवर स्टिअरिंग एकदम ताठ झाल्यासारखं वाटलं.

आता ती चार चाकं आमच्या गॅलरीत आहेत. धुऊन, वाळवून, खाचांतले खडे काढून, जाड काळ्या पिशव्यांत बांधून, आडवी एकावर एक. ऊन लागत नाही आणि जवळ इन्व्हर्टर नाही, तो ठेवू नये, कारण त्यातून निघणारा ओझोन रबर खातो. चौथ्या मजल्यावरच्या एकांनी पुढच्या जानेवारीसाठी ती मागितली आहेत. त्यांची क्रिस्टा जीएक्स, म्हणजे खालचं व्हेरियंट, माप तेच. मी हो म्हटलंय. फावडं आणि टॉर्क रेंचही देईन म्हटलंय, फक्त पु.डा. आणि पु.उ. बघून, बाण पुढे ठेवून लावा.